द्रव हवा आणि संध्याकाळची वीज

(निघोजे, ता. खेड, जि. पुणे इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस विजेच्या साठवणुकीवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. रास्त आहे. पण "वीज साठवली" असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय साठवलं, कुठे साठवलं आणि ते कुणाच्या खर्चानं, हे तीन प्रश्न निघतात. पहिला तत्त्वज्ञानाचा आहे, दुसरा इंजिनिअरचा आणि तिसरा तुमचा-माझा. आज या तिन्हींना धरून बोलायचं आहे, आणि उदाहरण घ्यायचं आहे द्रव हवेचं. म्हणजे आपण श्वासात घेतो तीच हवा, पण इतकी थंड केलेली की ती पाण्यासारखी टाकीत भरता येते.

सुरुवात आपल्याच भागातून करू. (पारनेर तालुक्यातलं, रांजणखळग्यांचं निघोज वेगळं. आपलं हे निघोजे, इंद्रायणी ओलांडली की तळवडे, असं.) महिंद्रचा कारखाना या गावाच्या हद्दीत आहे, भोवती चाकण एमआयडीसी पसरलेली आहे. इथे आठवड्याची सुट्टी कधी? गुरुवारी. मुंबईच्या पाहुण्याला हे विचित्र वाटतं. पण यामागे विजेचं कारण आहे. सगळ्या भागांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर उरलेल्या सहा दिवसांवर भार पडतो, म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. वीज साठवता येत नव्हती, म्हणून आपण माणसांची सुट्टी हलवली. मुलांची शाळा रविवारी बंद आणि बापाचा कारखाना गुरुवारी बंद, हा त्या व्यवस्थेचा घरातला हिशेब.

दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज

आता परिस्थिती बदलली आहे. तुटवड्याचं रूप बदललं आहे, असं म्हणू. सौर पॅनेल वाढले, त्यामुळे सकाळी नऊ-दहा ते दुपारी चार या वेळेत वीज भरपूर आणि स्वस्त. सूर्य कलला की ती झपाट्यानं कमी होते, आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात, कारखान्यात दुसरी पाळी चालू असते. मग कोळशाचे संच जोर लावतात.

सरकारनं हे दरात आणलं आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १० किलोवॉटहून जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावावा, सूर्याच्या तासांत तो नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि कमाल मागणीच्या तासांत किमान २० टक्के जास्त असावा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे एकच युनिट, पण दुपारी एक भाव आणि संध्याकाळी दुसरा.

चाकणच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चाकणचा बाजार कांद्याचा. उन्हाळी कांदा निघतो तेव्हा भाव पडलेला असतो. शेतकरी काय करतो? चाळीत ठेवतो. चाळीत ठेवलेल्या कांद्याला घट येते. वजन उतरतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त जातो. तरी तो ठेवतो. कारण घट भरून निघेल एवढा भावातला फरक पुढे मिळेल, असा त्याचा हिशेब असतो. विजेच्या साठवणुकीचं सगळं अर्थशास्त्र या चाळीत आहे: आजचा भाव, उद्याचा भाव, घट, आणि चाळ बांधायचा खर्च. ही चार पदं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

हवा पातळ कशी होते

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के प्राणवायू आणि जवळपास एक टक्का आर्गॉन. नेहमीच्या दाबाला ती साधारण उणे १९४ अंशांना द्रव होते. हे काम एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी केलं. १८८३ मध्ये पोलंडच्या क्राकूव्ह शहरात व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी प्राणवायू आणि नायट्रोजन भांड्यात दिसेल असा द्रवरूप मिळवला. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी असले थंड द्रव ठेवण्यासाठी दोन भिंतींमध्ये पोकळी असलेलं भांडं बनवलं. तेच पुढे आपल्या घरी थर्मास म्हणून आलं. आणि १८९५ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी हवा मोठ्या प्रमाणावर द्रव करायची कारखानदारी पद्धत काढली.

पद्धतीचं मर्म दोन रोजच्या अनुभवांत आहे. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, कारण हवा दाबली की तापते. उलट, सेंटचा फवारा मारला की डबी थंड लागते, कारण दाबाखालचा पदार्थ मोकळा झाला की निवतो. आता हे जोडा. हवा गाळून घ्यायची. तिच्यातली पाण्याची वाफ आणि कार्बन डायॉक्साइड आधीच काढून टाकायचे, नाहीतर ते गोठून नळ्या तुंबतात. मग कॉम्प्रेसरनं हवा दाबायची, तापलेली हवा निववायची, आणि मग तिला फुगू द्यायचं. फुगताना ती आणखी थंड होते. ही थंड हवा येणाऱ्या नव्या हवेला थंड करते, ती आणखी थंड होते, असं चक्र चालत राहतं आणि शेवटी हवेचा काही भाग थेंबाथेंबानं खाली जमतो. ७०० लिटर हवेचा साधारण एक लिटर द्रव होतो.

दुपारची स्वस्त वीज या कॉम्प्रेसरांना द्यायची. झालेली द्रव हवा मोठ्या, जाड आवरणाच्या टाकीत ठेवायची. टाकीत दाब जवळजवळ बाहेरच्याइतकाच असतो. थोडी हवा रोज उडून जाते, पण चांगल्या मोठ्या टाकीत हे प्रमाण दिवसाला अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं.

संध्याकाळी उलटा खेळ. पंपानं द्रव हवेचा दाब वाढवायचा. द्रव दाबायला वीज कमी लागते, वायू दाबायला खूप लागते, हा या पद्धतीतला मोठा फायदा. मग त्या द्रवाला ऊब द्यायची. तो उकळतो, शेकडो पटींनी फुगू पाहतो, आणि त्या जोरावर टर्बाइन फिरतं. धुराड्यातून बाहेर पडते ती स्वच्छ कोरडी हवा. जळलं काहीच नाही.

मग साठवलं काय?

इथे थोडं थांबूया, कारण गंमत इथेच आहे. दुपारी आपण शेकडो युनिट वीज खर्च केली. तर टाकीतल्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा जास्त ऊर्जा असायला हवी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कमी असते. आपण तिच्यातून उष्णता काढून घेतली आहे. वीज खर्च करून आपण हवा ऊर्जेच्या हिशेबानं गरीब केली, आणि संध्याकाळी ही गरीब हवाच आपल्याला वीज देते. हे कसं?

न्याय-वैशेषिक परंपरेत एक जुना वाद आहे. वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची यादी केली: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. सहा. पुढच्या आचार्यांनी सातवा घातला, अभाव. "टेबलावर घागर नाही" हे "नाही" सुद्धा खरं आहे, जाणता येतं, म्हणून तोही पदार्थ. पण अट अशी की अभाव नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. घागर ठाऊक नसेल तर घागरीचा अभावही कळत नाही.

कृपा करून कुणी असं समजू नका की वैशेषिकांना द्रव हवा माहीत होती. मुळीच नव्हती. मी फक्त विचार करायला त्यांचं अवजार उसनं घेतोय. टाकीत आहे तो उष्णतेचा अभाव. त्याला किंमत आहे, कारण टाकीबाहेर त्याचा प्रतियोगी आहे: निघोज्याची २५-३० अंशांची हवा. समजा सगळं विश्वच उणे १९४ अंशांवर असतं, तर या टाकीतून एक दिवाही लागला नसता. संध्याकाळी टर्बाइन फिरवणारी उष्णता भोवतालातून येते, ती फुकट पडलेलीच आहे. नुसत्या उबदार हवेतून काम काढता येत नाही, तिच्याजवळ काहीतरी थंड लागतं. ते थंड आपण दुपारी तयार करून ठेवलं.

म्हणजे आपण साठवतो ते अंतर. घाटावर चढवलेल्या पाण्यात उंचीचं अंतर असतं, बॅटरीत रासायनिक अंतर असतं, द्रव हवेत तापमानाचं. निसर्गाचा ओढा कुठलंही अंतर मिटवण्याकडे असतो. साठवण म्हणजे ते अंतर काही तास, काही दिवस मिटू न देणं. आणि मिटू न देण्याची किंमत म्हणजे घट. घटेशिवाय साठवण नाही, चाळीतही नाही आणि टाकीतही नाही.

अंतर ठेवायचं कुठे?

दुसरा प्रश्न, कुठे. महाराष्ट्रानं याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिलं आहे, आणि ते उत्तर सुखाचं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो, खाली कोकणात उतार आहे, म्हणजे अंतर तयार आहे, पाणी अडवलं की झालं. टाटांनी मुळशीला धरण घेतलं. अंतर ठेवायला जागा लागते आणि ती जागा मावळातल्या शेतकऱ्यांची होती. १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला, पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले आणि तिथूनच "सेनापती" म्हणून ओळखले जाऊ लागले. सत्याग्रह हरला, धरण झालं, खाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. दिवे मुंबईत लागले आणि गावं पाण्याखाली गेली.

पुढे पाणी खालून वर चढवून पुन्हा वापरण्याची सोय आली. भिऱ्याला असा १५० मेगावॉटचा संच आहे. भंडारदऱ्याजवळ घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वीज जास्त असेल तेव्हा कोकणाच्या अंगाचं पाणी चारशेहून अधिक मीटर वर न्यायचं, कमी असेल तेव्हा खाली सोडायचं. पद्धत उत्तम आहे, दहा युनिट दिले तर साडेसात-आठ परत मिळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी शिरवटा इथे १८०० आणि भिवपुरी इथे १००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी करार केला. म्हणजे सह्याद्रीची उंची अजून आपल्या हिशेबात आहे.

आता एक छोटं गणित करू. एक टन पाणी चारशे मीटर वर चढवलं तर त्यात किती वीज साठली? साधारण एक युनिट. एक टन द्रव हवेत? आदर्श स्थितीत दोनशे युनिटच्या आसपास. प्रत्यक्षात यंत्रांची घट जाऊन शंभराच्या आगेमागे धरा. म्हणजे टनाला टन लावला तर द्रव हवा घाटघरच्या पाण्याच्या शंभरपट. पाण्याला दरी लागते आणि हवेला टाक्या पुरतात, त्याचं कारण हे. डोंगर नको, दरी नको, नदी अडवायला नको. मोठ्या कारखान्याएवढी जागा हवी, आणि ती सपाट असली तरी चालते.

इतरत्र काय चाललं आहे

ही कल्पना हवेतली नाही. वीज साठवण्यासाठी द्रव हवा वापरावी असं १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातून सुचवलं गेलं. पुढे हायव्ह्यू पॉवर या कंपनीनं लंडनजवळ स्लाव इथे ३५० किलोवॉटचा प्रायोगिक प्लांट चालवला. तो नंतर बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे गेला. २०१८ मध्ये मँचेस्टरजवळ पिल्सवर्थला, कचरा डेपोच्या जागेवर, ५ मेगावॉट आणि १५ मेगावॉट-तासांचा प्लांट सुरू झाला. त्याच शहराजवळ कॅरिंग्टन इथे ५० मेगावॉटचा, सहा तास वीज देऊ शकेल असा मोठा प्लांट हाती घेतला गेला. त्यासाठी २०२४ मध्ये ३० कोटी पौंडांचा निधी जाहीर झाला. चीननं छिंगहाय प्रांतात गोलमुद इथे ६० मेगावॉट, दहा तास, म्हणजे ६०० मेगावॉट-तासांचा प्रकल्प २०२३ मध्ये बांधायला घेतला. तो वाळवंटी भाग आहे, भोवती सौर पॅनेलच पॅनेल. दुपारचं ऊन रात्री न्यायचं हाच त्याचा उद्देश.

महाराष्ट्रात असा प्लांट नाही. पण त्याला लागणारी कारागिरी इथे नवी नाही. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे कारखाने आपल्या चाकण पट्ट्यात आहेत, आणि ते हवा द्रव करूनच तो वेगळा करतात. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आपण सगळे त्या टँकरांची वाट बघत होतो. पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला निघाली होती. ज्याला आपण त्या दिवसांत लिक्विड ऑक्सिजन म्हणत होतो, तो याच विद्येचा माल. फरक इतकाच की तिथे हवेतला एक घटक हवा असतो, आणि इथे हवेचं गारपण हवं असतं.

घटेचा हिशेब

इथे एका तरुण मित्रानं चिठ्ठी पाठवली आहे: "सर, बॅटरी स्वस्त होत चालली आहे, द्रव हवेत अर्धी वीज जाते. मग हे कशाला?" प्रश्न नेमका आहे, त्याला बगल देणार नाही.

दहा युनिट घातले तर लिथियमची बॅटरी साडेआठ ते नऊ परत देते. द्रव हवा पाच ते सहा देते, तेही तिची उष्णता आणि थंडावा नीट जपला तर. समजा दुपारचं युनिट तीन रुपयांना मिळतं. बॅटरीतून ते संध्याकाळी निघेल तेव्हा नुसत्या घटेमुळे साडेतीन रुपयांच्या आसपास पडेल, पाण्यातून तीन नव्वदला, द्रव हवेतून साडेपाचला. द्रव हवा हरली. आता समजा दुपारी इतकं ऊन आहे की युनिट एक रुपयाला आहे. बॅटरी एक पंधरा, पाणी एक तीस, द्रव हवा एक ऐंशीच्या आसपास. अंतर दोन रुपयांवरून सत्तर पैशांच्या आत आलं. आणि घ्यायला कुणी नाही म्हणून पॅनेलच बंद ठेवावे लागत असतील, तर घटेचा मुद्दा जवळजवळ संपतो. कांदा रस्त्यावर फेकायची वेळ आली असेल, तर चाळीत निम्मा टिकला तरी फायदाच. घट मोठी की छोटी, हे मालाच्या त्या दिवशीच्या भावावर ठरतं.

उरलं चौथं पद, चाळ बांधायचा खर्च. बॅटरीत साठवणीचे तास दुप्पट करायचे तर बॅटऱ्या जवळजवळ दुप्पट घ्याव्या लागतात. द्रव हवेत महाग असतात ती यंत्रं, टाकी तुलनेनं स्वस्त. तास वाढवायचे तर आणखी एक टाकी उभी करायची. शिवाय ही यंत्रसामग्री तीस-चाळीस वर्षं चालावी अशी धरलेली आहे, बॅटरीचं आयुष्य त्याहून बरंच कमी. आणखी एक गोष्ट. टर्बाइन हे वजनदार फिरतं यंत्र आहे. ग्रिडमध्ये एकदम धक्का बसला तर त्याचं फिरतं वजन क्षणभर सावरून धरतं आणि ५० हर्ट्झची लय बिघडू देत नाही. कोळशाचे संच हे काम न सांगता करत होते. ते बंद होत जातील तसं ते कुणीतरी करायला हवं.

तेव्हा माझं मत असं: संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी बॅटरी, तिच्याशी भांडू नये. आठ-दहा तास किंवा दोन-तीन ढगाळ दिवस पार करायचे असतील तर द्रव हवेसारख्या पद्धतीला जागा आहे. संपूर्ण पावसाळा मात्र कुठलीच टाकी भरून काढणार नाही. त्यासाठी वारा, पाणी आणि दूरच्या राज्यांच्या तारा लागतील.

हे इथे का बोलायचं

द्रव हवेच्या प्लांटला शेजार लागतो. संध्याकाळी त्या हवेला ऊब द्यायची असते. ऊब जितकी जास्त, टर्बाइनमधून वीज तितकी जास्त. फोर्जिंग, फाउंड्री, रंगकामाच्या भट्ट्या, कॉम्प्रेसर यांची उष्णता आपल्या पट्ट्यात रोज आकाशात जाते. दुसऱ्या बाजूला, हवा द्रव करताना कुणी थंडावा फुकट दिला तर दुपारची वीज वाचते. असा थंडावा दाभोळला आहे. तिथल्या टर्मिनलवर उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजातून उतरतो आणि त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करतात. तो गारवा समुद्राला किंवा हवेला देऊन टाकण्यापेक्षा शेजारी हवा द्रव करायला वापरता येईल. दाभोळला ग्रिडच्या मोठ्या ताराही आहेत. एके ठिकाणची टाकाऊ ऊब आणि दुसरीकडचा टाकाऊ गारवा, दोन्ही अंतरंच आहेत. आपण ती रोज मिटू देतो.

आता गावाच्या बाजूनं बोलतो. उद्या कुणी निघोज्याला किंवा महाळुंग्याला अशा टाक्या उभारायला आलं, तर "हवाच आहे, तिला काय भ्यायचं" असं म्हणू नका. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, प्राणवायू उणे १८३ ला. म्हणून द्रव हवा सांडली की नायट्रोजन आधी उडतो आणि मागे प्राणवायू जास्त असलेला द्रव राहतो. त्यात तेल-ग्रीस आलं तर भडका उडतो. बंद जागेत नायट्रोजन साचला तर माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. इतक्या थंड द्रवाचा स्पर्श भाजल्यासारखी जखम करतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये एका रुग्णालयाच्या टाकीतून द्रव प्राणवायूची गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. हवा निरुपद्रवी असते, साठवलेलं अंतर नसतं. तेव्हा टाक्या वस्तीपासून किती दूर, गळतीची सूचना कशी मिळणार, कॉम्प्रेसरचा आवाज किती, ऊब नेणाऱ्या पाण्याचा स्रोत कोणता, हे प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारायचे आणि लेखी उत्तर घ्यायचं.

खर्च कुणाचा

तिसरा प्रश्न उरला. २००६ ची आठवण पुण्यातल्या मंडळींना असेल. राज्यभर भारनियमन होतं. तेव्हा पुण्यातल्या उद्योगांनी प्रस्ताव मांडला की कारखान्यांकडचे स्वतःचे जनरेटर कमाल मागणीच्या वेळी चालवावेत आणि वाचलेली वीज शहराला द्यावी. जनरेटरची वीज महाग, तो जादा खर्च शहरातल्या ग्राहकांच्या बिलातून घ्यायचा. वीज नियामक आयोगानं मान्यता दिली, शहराचं भारनियमन टळलं. "पुणे मॉडेल" म्हणून त्याचं नाव झालं. त्याच काळात शहराबाहेरच्या गावांत अंधार होता. योजना चांगली होती, आणि तिची कक्षा पैसे देऊ शकणाऱ्यांपुरती होती. ही दोन्ही विधानं एकत्र खरी आहेत.

साठवणुकीतही हेच होऊ शकतं. दुपारची स्वस्त वीज ज्याच्याकडे टाकी आहे तो घेईल आणि संध्याकाळी चढ्या भावानं विकेल. चाळ व्यापाऱ्याची असेल तर भावातला फरक कुणाच्या खिशात जातो, हे चाकणच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. म्हणून यंत्र कोणतं यापेक्षा मालकी कुणाची आणि दर कोण ठरवणार, हे आधी विचारायला हवं.

शेवटी समोरच्या काकांनी विचारलं, "शेतीला दिवसाच वीज दिली तर साठवायचीच कशाला?" काका, आजच्या सगळ्या बोलण्यातला हा सगळ्यात शहाणा मुद्दा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. पंप दुपारी चालला, पाणी शेततळ्यात आलं, की तीच साठवण झाली, आणि रात्री साप-बिबट्याच्या भीतीनं दारं धरायला जाणंही टळलं. जे काम उन्हात हलवता येतं ते आधी उन्हात हलवावं. पूर्वी आपण सुट्टी हलवली ती तुटवड्यामुळे, आता काम हलवू ते मुबलकतेमुळे. जे हलवता येत नाही, म्हणजे दवाखान्यातला दिवा, दुसऱ्या पाळीचं मशीन, मुलांचा अभ्यास, त्यासाठी साठवण. आणि त्या साठवणीसाठी दर वेळी एखादं खोरं बुडवण्याऐवजी कारखान्याच्या आवारातली टाकी पुरणार असेल, तर पाच-सहा युनिट परत देणारी ती टाकी मुळशीच्या मानानं मला स्वस्त वाटते. मुळशीची घट कुठल्याच बिलात कधी दाखवली गेली नाही.